मोज्यातून आलेला राखणदार

॥ श्री ॥

आचरा, ता. मालवण
कोजागिरीचा आदला दिवस, २००४

ती. सौ. सुगंधाआत्या हिस,

अक्षयाचा जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार. (खरोखर टेकवले. न टेकवता तसे लिहिणे बरे नव्हे, म्हणून लिहायला बसलेली उठले, टेकवले आणि परत बसले. घरापुढचे खळे आजच सारवले असल्यामुळे कपाळाला शेण लागले आहे. ते पत्राला लागणार नाही याची काळजी घेते.)

आम्ही सगळी सुखरूप आहोत. आबांची कंबर तेवढी सुखरूप नाही, आणि आई माझ्याशी फक्त जेवणापुरते बोलते, पण बाकी सगळे सुखरूप. तुझी प्रकृती कशी आहे? आतोबांचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमच्याकडे थंडी सुरू झाली असेल, तेव्हा कानाला काहीतरी गुंडाळून झोपत जा. इथे पाऊस गेला आणि असे ऊन पडले आहे की सुकत घातलेले बांगडे दुपारपर्यंत एकमेकांवर वाजायला लागतात.

तू प्रत्येक पत्राच्या शेवटी विचारतेस, माझे झाड कसे आहे? आणि मी प्रत्येक पत्रात 'बरे आहे' असे लिहिते. ते खोटे नव्हते. झाड बरेच आहे. झाडाच्या भोवतीचे मात्र काहीही बरे नाही. पण भोवतीचे तू विचारले नव्हतेस, म्हणून मी लिहिले नाही. आणि विचारले नाही म्हणून सांगितले नाही, हे खोटे बोलण्यात धरतात की नाही याचा विचार करण्यात माझे गणपतीपासूनचे सगळे दिवस गेले. काल ठरले की धरतात. म्हणून हे पत्र. फोनवर सांगता आले असते, पण फोन परशुरामकाकांच्या दुकानात, आणि आपण बोलायला लागलो की ते गिऱ्हाइकाचे वजन अर्धे सोडून ऐकत उभे राहतात. शिवाय या प्रकरणात ते स्वतःच आहेत. (परशुरामकाका म्हणजे आपल्या वाडीचे मानकरी, देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालतात ते. तुला ठाऊक आहेतच, पण तू गेल्यापासून त्यांचा आवाज आणखी वाढला आहे.)

पहिल्यापासून लिहिते. जानेवारीत तू इंग्लंडहून आलीस आणि बॅगेतून आतोबांचा एक लोकरी मोजा काढलास. त्यात ओल्या कागदात गुंडाळलेला, तुझ्या बागेतल्या झाडाचा निम्मा मुळांचा गड्डा होता आणि त्याला लहान लहान कोबीच्या गड्ड्यांसारखे हिरवे कोंब. विमानतळावर कोणी काही म्हणाले नाही का, असे मी घाबरून विचारले, तर तू म्हणालीस, त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. (ते मला तेव्हाही पटले नव्हते.) मग तू नियम सांगितलेस. याचे नाव सेडम. दगडात लाव. भरपूर उन्हात लाव. खत घालू नकोस, खत घातले की माजते आणि आडवे पडते. पाणी तर घालूच नकोस, हे पाण्यानेच मरते. बाकीच्या बागेचे फुलणे संपले की मग याचे फुलणे सुरू होते, सगळ्यांच्या मागून. तोवर घाई करू नकोस. हे शेवटचे बोलताना तू आईकडे पाहिलेस, कारण आईने नुकताच माझ्या सत्तावीस वर्षांचा विषय काढला होता. आणि मग तू मला तुळशीवर हात ठेवायला लावून वचन घेतलेस की मी हे झाड फुलवून दाखवीन. तू गंमत करत होतीस, असे आईने मला तू गेल्यावर सांगितले. पण हात ठेवून झाला होता. आत्या, शाळेत जाण्याआधी तूच मला खळ्यात बसवून अक्षरे गिरवायला शिकवलीस, आणि अर्धवट आलेले अक्षर सगळे पुसून पुन्हा काढायला लावायचीस. तेव्हा माझ्या स्वभावाची निम्मी जबाबदारी तुझ्यावर येते. हे रागाने लिहीत नाही, हिशेब चुकू नये म्हणून लिहिते.

आपल्या घरी दिवसभर ऊन असणारी जागा एकच, खळ्याचा विहिरीकडचा कोपरा, आणि तिथे आई उन्हाळाभर कोकमाची सोलं वाळवते. मी तो कोपरा मागितला तेव्हा आई म्हणाली, "सोलां खाऊक व्हयी आसत. ह्यां काय खाऊचा आसा?" मी म्हटले, फुलेल. "मगे फुलल्यावर खाणार?" अशी दोन दिवस बोलणी झाली आणि शेवटी सोलं खळ्याच्या दुसऱ्या कडेला गेली, जिथे निम्मा दिवस माडाची सावली असते. त्यामुळे यंदाची सोलं नीट वाळली नाहीत, त्यामुळे यंदाच्या सोलकढीला रंग नाही, आणि प्रत्येक सोलकढीच्या वेळी आई वाटी माझ्यासमोर ठेवून जराशी थांबते. मी मोडके चिरे फोडून त्यांची खडी केली, गुडघ्याएवढी रास रचली, आणि तिच्या माथ्यावर तुझे झाड लावले. माती अशी नावालाच.

दगड आणि ऊन जमले. पाणी न घालणे जमेना. तुला तिकडे राहून विसर पडला असेल, पण आपल्याकडे हातातले पाणी कोणी नुसते जमिनीवर टाकत नाही. तांब्यातले उरलेले, तांदळाचे धुवण, हात धुतलेले, जे काही असेल ते जवळच्या झाडाच्या मुळात जाते, आणि करणाऱ्याला वाटते आपण आज एक चांगले काम केले. आबा सकाळच्या चुळा तिकडे टाकायचे. हौसाबाई मासे विकून आली की आपल्या विहिरीवर टोपली धुते, हे तुला माहीत आहे. ती टोपलीचे पाणी नेमाने सेडमला घालू लागली. मी धावत जाऊन अडवले, तर म्हणाली, "माडाक घातला तर नारळ लागतत, ह्येका काय इख होतला? फॉरेनचा झाला म्हणान काय झाला, ता पण पोटाक मागतलाच मां!" मी बालवाडीत शिकवायला गेले की मागे कोण काय ओतेल याचा भरवसा नाही. म्हणून मी राशीभोवती चुन्याची पांढरी रेघ काढली आणि घरोघर जाऊन सांगितले की या रेघेच्या आत कृपा करून कोणी काही घालू नये. मी स्वतः आत जाताना चपला बाहेर काढू लागले, म्हणजे ओला चिखल आत जायला नको. पावसाळा आला तशी चार मेढी रोवून वर माडाच्या झापांचे छप्पर केले, दक्षिणेकडून उघडे, म्हणजे ऊन मिळेल तेवढे मिळावे.

आता हे सगळे एकत्र ठेवून बघ. मी ठेवून बघितले नाही, ती माझी चूक. दगडांची रास, भोवती चुन्याची रेघ, वर छप्पर, आत कोणी हात लावायचा नाही असे काहीतरी, आणि रोज सकाळी आंघोळ करून, चपला बाहेर काढून, दगडांशी नाक नेऊन वाकून बसणारी लग्नाची मुलगी. (मी हुंगत होते. मूळ सडले की आधी वास येतो, असे तूच सांगितले होतेस.)

आषाढात एके सकाळी चुन्याच्या रेघेच्या आत एक विडी ठेवलेली सापडली. मला वाटले कोणाची पडली. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणे बरे नव्हे, म्हणून ती घेऊन मी वाडीभर विचारत फिरले. ती निघाली महादूची. (हा वाडीच्या खालच्या आवाठातला महादू, त्याची छोटी होडी आहे.) मी विडी त्याच्या हातावर ठेवली तसा त्याचा चेहरा पांढरा झाला. "नाय घेतल्यान?" तो म्हणाला. "माझा काय चुकला गो, अक्षया?" मला वाटले त्याला ताप आहे. दुसऱ्या दिवशी तिथे दोन विड्या आणि एक नारळ. मी तेही परत केले. तिसऱ्या दिवशी दारूची छोटी बाटली. ती ओढणीखाली झाकून महादूकडे परत न्यायला निघाले तर वाटेत आमच्या बालवाडीच्या बाई भेटल्या, वारा सुटला होता, आणि पुढचे मी लिहीत नाही. तोवर मला उमगले होते. आपल्या प्रत्येक जागेला राखणदार असतो, तो दिसत नाही, जागा सांभाळतो, त्याला विडीकाडी ठेवतात, हे मी काही आज ऐकत नाही. आपल्याही जागेला तो असणारच, पण तो कुठे बसतो हे इतकी वर्षे कोणाला माहीत नव्हते. आता वाडीला कळले होते. आणि मी वस्तू परत करत गेले त्याचा अर्थ त्यांनी असा घेतला की हा राखणदार फार कडक आहे, कोणाचेही काहीही घेत नाही.

नारळी पौर्णिमेनंतर महादूला पहिल्याच खेपेला जाळेभर सरंगे मिळाले. मी त्याला समजावले की त्या दिवसांत दरवर्षी मिळतात. तो म्हणाला, "दरवर्षी गावतत, खरा. पण दरवर्षी इडी परत खंय येता?"  

त्यानंतर राखणदार न घेतो कसा, याचाच वाडीला ध्यास लागला. कोणी तंबाखू ठेवली, कोणी वडे ठेवले, एकाने तर आपली चप्पल दुरुस्त होईना म्हणून चप्पलच ठेवली. मी सगळे ज्याचे त्याला पोचवत होते. शेवटी हौसाबाईने सगळ्यांना बाजूला सारून निकाल दिला. "अरे, तो सुगंधाच्या मोज्यातसून इलो. सायबाच्या मुलखातलो. तेका इडी कशी चलात? तेका बिस्किटा व्हयी!" आत्या, त्या दिवसापासून तुझ्या झाडापुढे क्रीमची बिस्किटे येतात. मी ती परत करू शकत नाही, कारण मी पोचायच्या आत मुंग्या नेतात. मुंग्या नेतात म्हणजे राखणदाराने घेतली. त्यामुळे आता वाडीत सर्वत्र समाधान आहे. कोणी त्याला 'गोरो राखणदार' म्हणतात, आणि महादूचे म्हणणे असे की रविवारी काही मागू नये, त्या दिवशी तो सुट्टीवर असतो.

मी आबांना म्हटले, तुम्हाला तर माहीत आहे ना, हे आत्याचे झाड आहे, तुम्ही एकदा सगळ्यांना सांगून टाका. आबा खळ्यात खुर्ची टाकून बसलेले. हल्ली येणारा-जाणारा चुन्याच्या रेघेला नमस्कार करून झाला की यांनाही करतो. म्हणाले, "मी खंय म्हणतंय देव आसा? पण नाय म्हणान सांगूक मी कोण?" (तू बहीण आहेस त्यांची, तेव्हा तुला या उत्तराचे नवल वाटणार नाही.)

आता मुख्य गोष्ट. खरे म्हणजे ही झाडाचीच गोष्ट आहे, त्यात माझा संबंध थोडाच आहे. गणपतीत ओरोसहून एक पाहुणे आले. प्रितेश त्यांचे नाव. तिथे सरकारी कचेरीत आहेत, क्वार्टर मिळाले आहे. बरोबर त्यांची मावशी. गणपतीचे दर्शन हे निमित्त, पण आईने पातोळ्यांचे ताट माझ्या हातात दिले तेव्हाच मी ओळखले. त्यांना पाणी दिले. ते निम्मे प्याले. बाकी मंडळी आरतीची भांडी आवरत होती. हे तांब्या घेऊन खळ्यात उतरले, इकडे तिकडे पाहिले, त्यांना जवळचे झाड दिसले, आणि आत्या, त्यांनी उरलेले सगळे पाणी चांगली धार धरून सेडमच्या मुळात ओतले!

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण आई म्हणते की 'मेल्या' असा शब्द होता. त्यांची मावशी उभी राहिली. आबा कमरेसकट उभे राहिले. आणि ते गृहस्थ तांब्या हातात घेऊन, कचेरीत साहेबापुढे बोलावे तसे म्हणाले, "सदर झाडास पाणी वर्ज्य आहे, याची मला कल्पना नव्हती." एवढे बोलून त्यांनी बूट काढले, मोजे काढले, रेघेच्या आत जाऊन उकिडवे बसले, खिशातला रुमाल काढला आणि एकेक दगड उचलून कोरडा पुसून जागच्या जागी ठेवू लागले. जागच्या जागी म्हणजे खरोखर त्याच जागी, तीच बाजू वर. सगळे पुसून होईपर्यंत पातोळ्या थंड झाल्या. मग ओला रुमाल तसाच खिशात घातला. खिशाला मोठा डाग पडला, तो जाताना मागून दिसत होता. (मी मुद्दाम पाहिले नाही. जाणारा माणूस मागूनच दिसतो.)

त्यांच्याकडून होकार आला. (मलाही आश्चर्य वाटले.) आई मला विचारू लागली, तुझे काय? माझे काही ठरेना. लगेच हो म्हणावे तर घाई केली असे होईल. नाही म्हणावे तर ज्याने इतके दगड पुसले त्याच्यावर अन्याय होईल. विचार करते म्हणावे तर दुसऱ्याला ताटकळत ठेवल्याचे पाप. म्हणून मी काहीच म्हटले नाही. आठवडाभर आईने वाट पाहिली आणि माझ्याशी बोलणे जेवणापुरते केले. आबांनी परशुरामकाकांना बोलावले.

एका सकाळी मी ओढ्यावरून धुणे घेऊन येते तो खळ्यात सगळी वाडी गोळा झालेली. चुन्याच्या रेघेबाहेर चपलांचा ढीग. परशुरामकाका डोक्याला टॉवेल बांधून नारळ घेऊन उभे. राखणदाराला मालवणी कळते की नाही यावर आधीच वाद होऊन गेला होता आणि असे ठरले होते की जानेवारीपासून इथे आहे, एव्हाना शिकला असेल. काकांनी सुरू केले, "बा राखणदारा म्हाराजा! आज ही लेकरा तुझ्या पायाकडे उभी आसत. काय चुकला-माकला, बारक्या-मोठ्यांचा काय वाकडा पाऊल पडला, ता पोटात घाल म्हाराजा!" सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. "ह्या घरातला चेडू, अक्षया. हो म्हणणा नाय, नाय म्हणणा नाय. तर आता तूच काय ता सांग. तुळशीच्या लग्नाच्या आधी ह्या झाडाक फूल इला, तर तिचा लगीन ओरोसच्या पावण्यावांगडा. नाय इला, तर ता थळ सोडला. ह्या तुझ्या साक्षीन ठरला म्हाराजा!"

आत्या, तू आणि मी दोघीही लहानपणापासून देवळात उभ्या राहिलो आहोत. गाऱ्हाणे घालणारा श्वास घ्यायला थांबला की तोंडातून 'व्हय म्हाराजा' आपोआप निघते. त्यात माणसाचा विचार नसतो. माझाही नव्हता. धुण्याची बादली हातात घेऊन मी सगळ्यांच्या मागे उभी होते, काका थांबले, आणि माझा आवाज सगळ्यांच्या आवाजाच्या वर गेला. सगळ्यांनी मागे वळून पाहिले. हौसाबाईने तोंडाला पदर लावला. काकांनी खूश होऊन शेवटी पाहुण्यासाठी म्हणून 'थँक्यू म्हाराजा' असे एक जास्तीचे जोडले आणि नारळ फोडला. नारळाचे पाणी झाडावर उडाले, तेही मीच पुसले.

तेव्हापासून माझी स्थिती अशी आहे. तुळशीवर हात ठेवून तुला वचन दिले की फुलवीन, म्हणून मी काळजी घ्यायला पाहिजे. पण खुरपे हातात घेऊन बसले की हौसाबाई रस्त्यावरून ओरडते, "घाई झाली काय गो?" आणि दोन दिवस जवळ गेले नाही तर तीच ओरडते, "वायच बघ तरी गो ताच्याकडे! ओरोसात एकाचो जीव टांगलो आसा!" मुद्दाम पाणी घालून मारायचे म्हटले तर एक तांब्या पुरे, विहीर चार पावलांवर आहे, पण ते दोन्ही वचनांशी बेइमानी. जास्त जपले तर लग्नासाठी जपले असे होते. कमी जपले तर लग्न मोडण्यासाठी. शेवटी मी ठरवले की तू सांगितलेले नियम जेवढे आहेत तेवढेच पाळायचे, त्यात भर नाही, कसर नाही. आणि पाळताना मोठ्याने म्हणायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला कळावे. त्यामुळे आता वाडीत असे पसरले आहे की मी रोज सकाळी मंत्र म्हणते.

झाडाचे म्हणशील तर श्रावणातच त्याच्या शेंड्यांवर हिरवे गठ्ठे धरले, फुलकोबीच्या बाळासारखे. तेव्हापासून ते हिरवेच आहेत. इतके हिरवे की पाहून धीर सुटावा. तू लिहिले होतेस की आधी फिके, मग गुलाबी, मग विटेसारखे होते आणि त्यावर मधमाश्यांची झुंबड उडते. इथे एकच मधमाशी आली, फिरली, आणि क्रीमच्या बिस्किटावर जाऊन बसली.

प्रितेश मध्यंतरी तीनदा येऊन गेले, प्रत्येक वेळी कामानिमित्त. पहिल्या वेळी आपल्या वाडीतल्या काजूच्या कलमांची पाहणी करायची होती. (आपल्या वाडीत काजूची कलमे नाहीत. पाहणीत तसे आढळले.) दुसऱ्या वेळी आईने मावशीला दिलेला डबा परत करायला, डब्यात करंज्या घालून. तिसऱ्या वेळी ते रेडीला गेले होते म्हणून तिथल्या किनाऱ्यावरचे काळे-तांबडे खडे घेऊन आले, त्याच रुमालात बांधून. रुमाल धुऊन इस्त्री केलेला होता. खारट नको म्हणून खडे गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून आणले होते. बूट-मोजे काढून त्यांनी एकेक खडा झाडाला धक्का न लागता मांडला. माझ्याशी फक्त एक वाक्य बोलले. "फुलले नाही तरी चालेल, झाड जगले पाहिजे." मी विचारले, आणि गाऱ्हाण्याचे काय? ते एक खडा पुन्हा नीट बसवून म्हणाले, "ते मात्र झालेले आहे." असा माणूस विचित्र असतो की नाही, तूच सांग. हे मी झाडाशी संबंधित आहे म्हणून लिहिले.

असो. तुळशीचे लग्न पुढच्या महिन्यात आहे, पौर्णिमेच्या अलीकडे. फुलले तर फुलले, नाही तर नाही. मला स्वतःला या लग्नात काडीचाही रस नाही, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. झाडाची खरी हकिगत तुझ्यापासून लपवली, तेवढे माझे ओझे उतरले. आता तू काय म्हणशील ते शिरावर. आतोबांना नमस्कार, गुडघ्याला तीळतेल. कागद संपला नाही, पण मर्यादा म्हणून थांबते.

तुझ्या वचनात अडकलेली,
अक्षया

ता. क. आतोबांचा तो मोजा मी धुऊन, रफू करून कपाटात ठेवला आहे. जोडीतला दुसरा तिकडे असेल. एका मोज्यामुळे त्यांची अडचण होत असेल या विचाराने मला वाईट वाटते.

ता. क. २. गठ्ठ्यातली एक कळी काल टोकाला किंचित गुलाबी वाटली. आबांना दाखवली, ते म्हणाले गुलाबी. परशुरामकाकांना दाखवली, ते म्हणाले गुलाबीच. पण मी बोट लावले तर ते माझ्या बोटाचे कुंकू होते. मी तसे सगळ्यांना सांगून आले.

ता. क. ३. पत्र बंद करणार होते, पण आज सकाळी एक प्रकार झाला. झाडाजवळ गेले तर त्याच्या तिन्ही मोठ्या फांद्या फुललेल्या.  जवळून पाहिले तर पहिल्या फांदीला पिटकुळीचा तांबडा गुच्छ बांधलेला, काथ्याने, आणि माडावर चढताना आबा मारतात ती गाठ. दुसऱ्या फांदीवर अबोलीच्या वेणीचा तुकडा. त्याला बांगड्याचा वास. तिसऱ्या फांदीला गुलाबी कोरांटी, देव्हाऱ्यातल्या तांबड्या दोऱ्याने, अगदी नाजूक बांधलेली. आत्या, तो दोरा आईचा. आई, जी माझ्याशी फक्त जेवणापुरते बोलते.  चौथे फूल नव्हते. ओरोसकडून काही नव्हते. (त्यांना कोणी नको म्हटले नसते, तरी नव्हते. त्यांचा स्वभाव माझ्यासारखाच दिसतो. हे आपले नुसते लिहून ठेवते.) मग मी तिन्ही फुले सोडून घेतली. काहीही झाले तरी खोटे फूल चालणार नाही. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. पण सोलकढीची वाटी ठेवताना आज थांबली नाही.

ता. क. ४. खोटे चालणार नाही, म्हणून लिहिते. तुझ्या बागेतले सेडम आत्ता विटेसारखे लाल होऊन उभे असेल. तुझे झाड आणि हे झाड एकाच गड्ड्याचे दोन भाग, म्हणजे खरे तर एकच झाड, निम्मे इंग्लंडात आणि निम्मे आचऱ्यात. परशुरामकाका गाऱ्हाण्यात 'ह्या झाडाक' म्हणाले, कुठल्या गावात ते म्हणाले नाहीत. मी हे सगळ्या बाजूंनी तपासून पाहिले, यात खोटे कुठेच सापडत नाही. तेव्हा त्याचा एक तुरा, चांगला भरलेला बघून, तुळशीच्या लग्नाच्या आधी मिळेल असा ताबडतोब पाठव. वर 'काडीचाही रस नाही' असे एक वाक्य आले आहे, ते मला खोडायचे होते. पण खाडाखोड केलेले पत्र वडीलधाऱ्यांना पाठवू नये, असे तूच शिकवले आहेस. पत्र पुन्हा पहिल्यापासून लिहावे तर टपाल निघून जाईल. म्हणून ते वाक्य तू वाचले नाहीस असे समज.

ता. क. ५. आतोबांच्या दुसऱ्या मोज्यातून पाठवलेस तरी चालेल. कोणी विचारले नाही, तर मी सांगणार नाही.